बर्फातला ऊस

एकाहत्तरच्या लढाईत मी एका म्हातारीला शब्द दिला होता, की तुझ्या घराला माझ्या बाजूनं धक्का लागणार नाही. शब्द दिला आणि त्याच घटकेला मला तिथून स्ट्रेचरवर उचलून नेलं. पुढं त्या घराचं काय झालं, देव जाणे. आणि बावन्न वर्षांनी तेच घर माझ्या सख्ख्या नातीच्या हातानं पाडायची वेळ आली. ते पडलं की राहिलं, तेवढंच सांगायला बसलोय. मधे बोलू नका, माझा उजवा कान कामातून गेलाय. रणगाड्यानं नेला.

मी गहिनीनाथ लगड. गाव काष्टी, हल्ली मुक्काम भिंगार. नगरलाच भरती झालो, नगरलाच रणगाडा चालवायला शिकलो आणि दफेदार होऊन पेन्शनीत आलो तो परत नगरलाच. बायको बनाबाई. तिचं म्हणणं, फौजेनं माणूस परत दिला पण डोक्यातलं इंजिन बंद करायची चावी दिली न्हाई.

रश्मी ही माझ्या थोरल्याची मुलगी. पुण्यात खराडीला एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. शिकली त्यातच, नोकरीही त्यातच. मला आधी वाटायचं, हे काय काम आहे का? पण पोरगी कामाला वाघ आहे. चित्र काढते, त्याचं घर करते, घरात दार, दाराला कडी, कडीला गंज. सगळं कॉम्प्युटरवर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली आणि फराळाची ताटली बाजूला सारून लॅपटॉप उघडला. "आजोबा, रणगाडा बघा."

बघितला. जिकडंतिकडं बर्फ, आणि त्यात रणगाडा फटफटीसारखा गर्रकन वळत होता. म्हणलं, "असा वळला तर पट्टा निखळून हातात येईल. कुठलं युद्ध हे?"

"दुसरं महायुद्ध. युरोप."

"आणि मागच्या दिवाळीला दाखवलेलं?"

"तेही दुसरं महायुद्धच."

"त्याच्या आधीचं?"

ती हसायला लागली. "आजोबा, तेही."

माझं डोकं सटकलं. "अगं, जगात काय एकच लढाई झाली का? आम्ही काय तिकडं गोट्या खेळायला गेल्तो?"

"अवो, लाडू खा आधी," बनाबाई म्हणाली, "आन् मग वरडा."

रश्मी मला घाबरत नाही. लहानपणापासून नाही. तिनं मांडी घातली आणि समजावून सांगितलं. गेम घेणारी बरीचशी गिऱ्हाइकं अमेरिकेत, युरोपात. त्यांना ते युद्ध सिनेमातून पाठ झालेलं. कुठला गणवेश कुणाचा, कुठली बंदूक कुणाची, काही सांगावं लागत नाही. वाईट कोण, यावर अख्ख्या जगाचं एकमत. ज्यांचे आजे वाईट बाजूला लढले, ती पोरंसुद्धा आता नाही म्हणत नाहीत. "तुमच्या युद्धाचं तसं नाही," ती म्हणाली. "तुमचा शत्रू अजून शेजारी राहतो. तिकडची पोरंपण गेम खेळतात. त्यांच्या घरात हीच गोष्ट उलटी सांगतात. गेम काढला की इकडं भांडण, तिकडं बंदी. कंपनी म्हणते, विषाची परीक्षा घ्या कशाला?"

"म्हणजे तुम्हाला शिळं युद्ध लागतं."

"शिळं नाही आजोबा. लांबचं."

खरं सांगू का, मला वाईट वाटलं. शेजारपाजारच्या पोरांना तिकडच्या समुद्रकिनाऱ्यांची नावं तोंडपाठ, आणि त्यांच्याच गल्लीत मांडीत लोखंड घेऊन बसलेला म्हातारा कुठं लढला, ते कुणी विचारत नव्हतं. पन्नास वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात ती म्हणाली, "पण या वेळी मला संधी आहे. रविराज सरांनी दोन नमुने मागितलेत." रविराज म्हणजे तिचा साहेब. "एका टीमनं युरोप करायचं, दुसरी टीम माझी. मला वाटेल ते युद्ध. जानेवारीत पैसे लावणारी बाहेरची माणसं येणार, ती ज्याला हो म्हणतील तोच गेम बनणार. मला तुमचं युद्ध करायचंय. सांगाल का?"

अहो, सांगाल का काय विचारते? माझ्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला रणगाड्यांच्या म्युझियमला घेऊन गेलो. मी चालवला त्याच जातीचा एक तिथं उभा आहे, रंगरंगोटी करून, नवरदेवासारखा. त्याच्या पुढं उभं राहून तिला ड्रायव्हरची जागा दाखवली. पुढच्या अंगाला, उजवीकडं, गुडघे पोटाशी. झाकण लावलं की बाहेरचं जग दिसणार दोन काचांतून, कपाटाच्या फटीएवढं.

"एवढंच दिसायचं?" ती म्हणाली. "गेममध्ये वरनं सगळं दिसतं, घारीला दिसतं तसं."

"मग तो देव असेल. ड्रायव्हर नव्हे."

तिनं ते लिहून घेतलं. मग चार दिवस मी सांगत होतो आणि ती कागदावर आखत होती. कालवा कुठं, बांध कुठं, ऊस कुठं, चिखल कुठं. आणि उसामागचं घर. त्याच्या कच्च्या विटा, पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत, दारातलं तुतीचं झाड, डाव्या हाताला गोठा, हे सगळं मी इतकं बारीक सांगितलं की तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही तिथं राहिलेले का?"

"फौजी माणसाची नजर असते," मी म्हणलं. साफ खोटं. त्या घराबद्दल जे सांगायचं, तेच मी तिला सांगितलं नाही. बनाबाई सोडली तर कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. आता तुम्हाला सांगतो.

डिसेंबरातली सकाळ होती, सरहद्द ओलांडून आम्ही पाकिस्तानच्या पंजाबात शिरलेलो. आमचे चार रणगाडे कालव्याकडं निघालेले. माझ्यामागं वर, बुरुजात, नायब रिसालदार गुरबचन सिंग साहेब. तोंडानं तिखट, मनानं लोणी. कानात त्यांचा आवाज, "सीधा चल, लगड, सीधा." आणि काचेत बघतो तर समोर ऊस. उभा, तुरे आलेला, आज-उद्या तोडणीला येईल असा. काष्टीला आमचा दोन एकर ऊस होता. लहानपणी मी उभ्या उसात बैलगाडी घातली म्हणून बापानं कासऱ्यानं मारलेलं, आठ दिवस वळ होते. आता माझ्या हातात पन्नास टनांचं धूड, पुढं दुष्मनाचा मुलूख, आणि हातांना काय झालं कोण जाणे, मी रणगाडा डावीकडं वळवला. उसाच्या कडेनं. कुणाचा ऊस, कशाचा ऊस, काही विचार केला नाही. उभ्या पिकात चाक घालायचं नाही, एवढंच त्या हातांना माहीत होतं.

डावीकडच्या रानाला आदल्या दिवशी पाणी दिलेलं. आपल्या काळ्या रानात मी ते डोळे झाकून ओळखलं असतं. तिकडची माती निराळी. पट्टे रुतले आणि रणगाडा पोटावर बसला. साहेबांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. मी पट्टा बघायला खाली उतरलो आणि जवळच तोफेचा गोळा पडला. मांडीत लोखंड शिरलं. ज्या तोंडानं साहेब शिव्या देत होते, त्याच तोंडानं "वाहेगुरू, वाहेगुरू" म्हणत त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि उसामागच्या घरात नेलं.

गाव रिकामं झालेलं. त्या घरात एकटी म्हातारी होती. तिची माणसं आदल्या दिवशीच निघून गेली होती. ती गेली नव्हती, कारण तिची म्हैस विणार होती. विणाऱ्या जनावराला सोडून कसं जायचं? मला विचारा, माझी आई असती तर तीही गेली नसती.

साहेब पिस्तूल घेऊन आत शिरले तर तिनं पिस्तुलाकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या मांडीकडं बघितलं. ओढणी टरकन फाडली आणि आवळून बांधली. चुलीवर दूध ठेवलं, त्यात गुळाचा खडा टाकला आणि पितळी पेल्यातनं मला पाजलं. तिची पंजाबी मला साहेबांमुळं निम्मीशिम्मी कळायची. ती म्हणाली, "पुत्तर, मी गच्चीवरनं बघितलं. तू गाडी कमाद चुकवून नेलीस." कमाद म्हणजे तिकडं ऊस. "शेतकऱ्याचा आहेस का?"

मी मान हलवली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. वीस वर्षांचं वय, घरापासून इतक्या लांब, आई आठवली. त्यात लाज कसली?

दुपारी म्हैस अडली. बेबे एकटी काय करणार? बेबे म्हणजे तिकडं म्हातारी आई, आम्ही तिला तेच म्हणायला लागलेलो. तोफेत गोळे भरणारा आमचा लोडर आमच्यामागोमाग आलेला. तो हरयाण्याचा, म्हशीत वाढलेला. त्यानं बाह्या सरसावल्या आणि पारडाचे पाय धरले. मी खाटेवरनं ओरडतोय, "हळू! तिच्या कळेबरोबर ओढ!" गुरबचन साहेब दारात पहाऱ्याला, आणि तोंड चालूच, "आपण लढाईला आलोय की बाळंतपणाला?" पारडी झाली. ओली, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. बेबे हसली, तिला पुढचे दोन दात नव्हते. बाहेर तोफा चालल्या होत्या आणि आत आम्ही चौघं एका पारडीकडं बघत बसलेलो. खोटं वाटेल, पण माझ्या आयुष्यातली ती फार चांगली दुपार होती.

चार वाजता आमची माणसं आली. मला उचलताना बेबेनं माझा हात धरला आणि एकच विचारलं, "माझं घर पाडाल का?" तेव्हा मी शब्द दिला.

रणगाड्याच्या नोंदवहीत साहेबांनी लिहिलं, 'स्टीअरिंग डावीकडं ओढतं. ड्रायव्हरचा दोष नाही.' खरं लिहिलं असतं तर मी कुठं खितपत पडलो असतो, सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी साहेब पुढच्या लढाईत कामी आले, रणगाड्यातली बाकीची माणसंही. मी पठाणकोटच्या दवाखान्यात होतो. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, आणि बेबेचं घर राहिलं का हे विचारायलाही कुणी उरलं नाही. गावी आलो तेव्हा हे सांगायचं तोंड नव्हतं. ऊस वाचवायला रणगाडा चिखलात घातला, हे सांगू? आणि दुष्मनाच्या म्हातारीनं जीव वाचवला, हे ऐकायचे कान तेव्हा कुणाकडं होते?

आता संक्रांत. रश्मी नमुना घेऊन आली. चार दिवसांनी बाहेरची माणसं यायची होती. "आधी तुम्ही बघायचं," म्हणाली, "मग ते."

कमाल केली होती पोरीनं. कालवा तोच. धुकं तेच. उसाचे तुरे वाऱ्यावर हलत होते. आणि रणगाडा पुढं सरकला तर उसामागं ते घर. पांढरी भिंत, तुतीचं झाड, गोठा. बनाबाईनं पदर तोंडाला लावला, तिला सगळं ठाऊक होतं ना. मला वाटलं, आता दार उघडेल.

तर पडद्यावर अक्षरं आली, 'घरात शत्रू लपला आहे. घर उडवा.'

आणि रश्मीनं बटण दाबलं. भिंत कोसळली, तुती पेटली, गोठा आडवा झाला. तिचा चेहरा उजळला होता. "आजोबा, यालाच तीन आठवडे लागले. बघा, प्रत्येक वीट वेगळी पडते."

मी लॅपटॉप खाडकन मिटला. तिची बोटं थोडक्यात वाचली.

"आजोबा!"

"बंद कर. घर पाडायचं नाही."

"अहो, पण तिथं काहीतरी फोडावं लागणार ना? पहिल्याच टप्प्यात—"

"पाडायचं नाही म्हणलं ना! ते काय तुझ्या बापाचं घर आहे?" संक्रांतीच्या दिवशी, हातात तिळगूळ, गोड बोला म्हणायचं सोडून मी असला बरळलो.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बनाबाई पुढं झाली. "सांगा की तिला! पन्नास वरसं पोटात ठेवलंय, आन् वर पोरीलाच वरडताय. तिला काय सपान पडलं हुतं?"

मग सांगितलं. ऊस, ओढणी, दूध, पारडी, शब्द, साहेबांची नोंद, सगळं. आवाज चढलेलाच होता, तो सांगता सांगता उतरला. रश्मी ऐकत राहिली. नाक पुसलं आणि हळूच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतं तर?"

चूक माझीच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"पण आजोबा," ती म्हणाली, "घर न पाडता गेम होत नाही हो. त्यासाठीच तर सगळे लांबचं युद्ध घेतात. तिथली घरं कुणाच्या ओळखीची नसतात."

"तिथंही कुणाची तरी बेबे असेलच की गं."

तिनं लॅपटॉप पिशवीत घातला, आम्हा दोघांच्या पाया पडली आणि दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. तिळगुळाचा डबा ओट्यावरच राहिला.

दोन दिवस बनाबाई माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्या म्हातारीनं तुमास्नी वाचवलं, तिचं लई उपकार हायती, मला मान्य हाय. पर तिनं काय सांगितलं हुतं, नातीच्या पोटावर पाय द्या म्हनून? सवता म्हशीपायी मागं ऱ्हायलेली बाई ती. ती आसती तर काय म्हनली आसती?"

भाकरी तशीच ठेवली आणि फोन लावला. "रश्मी," म्हणलं, "ऐक. तुला जे करायचं ते कर. पाड घर. कॉम्प्युटरचंच आहे, खरं थोडंच आहे? तुझं काम होऊ दे." एवढं बोलून फोन ठेवला आणि परसात जाऊन उभा राहिलो. फौजेत असताना हुकूम बरेच मानले, पण त्या दिवशी स्वतःलाच दिलेला हुकूम मानायला फार जड गेलं.

आठवड्यानं तिचा फोन आला. "आजोबा, आपलं नाही घेतलं. युरोप घेतलं."

"घर पाडूनसुद्धा?"

"नाही पाडलं. त्यांच्यासमोर रणगाडा चालवला. उसापाशी आला आणि वळला. घरापाशी थांबला. दार उघडलं, आतून दुधाचा पेला आला. ते म्हणाले, फार सुंदर आहे, पण यात खेळायचं काय?"

मी खुर्चीत बसलो. माझ्या एका शब्दापायी पोरीनं हातातला डाव घालवला होता, आणि मी पाड म्हणल्यावरही घालवला होता. "नोकरी?" एवढंच विचारलं.

"आहे. रविराज सरांनी युरोपच्या टीममध्ये घेतलं. बर्फातली गावं करायची." आणि मग हसली. "रडू नका हो, मला इकडं ऐकू येतंय."

पुढं पावणेदोन वर्षं ती बर्फातली गावं करत होती. मी चुकूनही त्या कामाचा विषय काढला नाही. तिनंही नाही.

परवाच्या दिवाळीत, पाडव्याला सकाळी, ती आली. घरातल्या टीव्हीला काय काय वायरी जोडल्या आणि माझ्या हातात ते खेळायचं यंत्र दिलं. दोन्ही अंगठ्यांनी चालवायचं. "गेम आला बाजारात. तुम्ही चालवायचा."

"मला ते बर्फ नको गं."

"दफेदारसाहेब, चालवा." तिनं मला दफेदारसाहेब म्हणल्यावर काय करणार?

चालवला. या वेळी रणगाडा बरा वळत होता, पट्ट्याचा आवाजही खरा होता, माझाच शिकवलेला. दोन्हीकडं बर्फ, मोडकी चर्चं, जळकी घरं. एका गावातनं बाहेर पडलो, शेवटचं वळण घेतलं, आणि हात थबकले.

बर्फात ऊस उभा होता.

उभा, तुरे आलेला, हिरवागार. चहूकडं गुडघाभर बर्फ आणि मधे आपला ऊस. त्याच्यामागं एक घर. पांढरी भिंत. दारात तुती. धुराड्यातनं धूर निघत होता.

"अगं बया!" बनाबाई म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली.

मी अंगठा सरळ दाबला. म्हणलं, बघू तरी काय होतं. रणगाडा उसापर्यंत गेला आणि आपोआप डावीकडं वळला. मागं घेतला, परत सरळ दाबला. परत डावीकडं. तोफ घराकडं फिरवली, तर उडेचना. रश्मी भिंतीला टेकून बघत होती, हाताची घडी घालून, अगदी माझ्या आईसारखी.

"कुणाकडूनच पडत नाही ते," ती म्हणाली. "जगात कुठंही, कुणीही खेळो. आतापर्यंत लाखभर लोक तिथून गेलेत. एकाच्याही हातून धक्का लागला नाही."

काय सांगू तुम्हाला? मी शब्द दिला होता एकट्यानं, माझ्या एका रणगाड्याचा. पोरीनं तो लाखभर रणगाड्यांकडून पाळून घेतला.

"लोक काही म्हणत नाहीत का?" मी विचारलं.

तिनं मोबाईल पुढं केला. खेळणाऱ्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. एकानं विचारलेलं, बर्फात बांबू कुठून आला? दुसरा म्हणे, मका आहे, बनवणाऱ्यांना अक्कल नाही. तिसरा म्हणे, या घरापाशी रणगाडा बिघडतो, दुरुस्त करा. आणि एकानं नुसता एक शब्द लिहिलेला, कमाद.

"तो कुठला?"

"लिहिलेलं नाही."

अमृतसरचा असेल, म्हणा. नाहीतर पलीकडचा. दोन्हीकडं ऊसच आहे आणि दोन्हीकडं त्याला कमादच म्हणतात. मी तो शब्द तिला तीनदा वाचायला लावला.

"आणि तुझा साहेब? त्याला चालली ही चूक?"

"चुकांची यादी असते आमची," रश्मी म्हणाली. "कुणी चूक काढली की तिथं नोंद करायची, कारण लिहायचं, आणि मग सर ठरवतात दुरुस्त करायची की नाही. ही नोंद मीच केली. सरांनी बोलावून विचारलं, हे काय लिहिलंस? मी सगळी गोष्ट सांगितली." तिनं ती नोंद उघडून माझ्यासमोर धरली. चष्मा सापडेना, तर तिनंच वाचली.

"स्टीअरिंग डावीकडं ओढतं. ड्रायव्हरचा दोष नाही."

त्याच्या खाली रविराजनं दोन शब्द लिहिले होते. राहू द्या.

मी त्या रविराजला कधी बघितलं नाही. पण त्या घटकेला मला तो गुरबचन साहेबांचा कुणीतरी लागत असावा असं वाटलं. साहेबांचे आभार मानायचे राहून गेले होते, बेबेचे राहून गेले होते. टीव्हीसमोर उभा राहिलो आणि त्या घराला कडक सलाम ठोकला. मांडी दुखली, दुखू दे. मग रश्मीला जवळ घेतलं आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणलं, "पोरी, तुझे उपकार फिटायचे नाहीत."

"हळू," बनाबाई डोळे पुसत म्हणाली, "तिकडं पारडी दचकंल."

मी परत खाली बसलो आणि यंत्र हातात घेतलं. रणगाडा मागं घेतला, गावाच्या टोकापर्यंत नेला आणि पुन्हा सरळ उसावर घातला.